थोडक्या भांडवलात धंदा: खान्देशातल्या वस्त्यांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत बचत गटाच्या बैठकीत, बाजाराच्या दिवशी, बँकेबाहेरच्या रांगेत तेच ते प्रश्न कानावर येतात. मजुरीवर घर चालवणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या, घरी काहीतरी करून विकणाऱ्या माणसांचे हे प्रश्न आहेत. उत्तरांचा क्रम मुद्दाम असा ठेवलाय: आधी गिऱ्हाईक, मग हिशेब, मग कर्ज. आपल्याकडे बहुतेक जण उलट्या बाजूने सुरू करतात. पहिलंच वाक्य असतं, "लोन कुठून मिळेल?"

धंदा करायचा हे नक्की. पण कोणता करू?

हे आम्हाला विचारण्यापेक्षा आपल्या गल्लीला विचारा. एक आठवडाभर एवढंच बघा की गावातली माणसं कशासाठी एसटीत बसून तालुक्याला जातात आणि कशाची वाट बघत ताटकळतात. रावेर-यावल पट्ट्यात केळी कापणारी टोळी भल्या पहाटे बागेत शिरते. त्यांना बागेच्या तोंडाशी गरम पोहे आणि चहा मिळाला तर दोन रुपये जास्त द्यायला कोणी कुरकुर करत नाही. नंदुरबारजवळच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर हंगामात बाया दिवसभर मिरची निवडत बसतात. त्यांच्या दुपारच्या भाकरीची सोय कोण करतं, ते जाऊन बघा. उन्हाळ्यात विजेचा दाब कमी-जास्त झाला की विहिरींवरच्या मोटारी जळतात, आणि रिवायंडिंगवाल्याकडे नंबर लागता लागत नाही. ठिबकच्या फुटक्या नळ्या जोडून देणारा, घरी येऊन शिलाई मशीन दुरुस्त करणारा, रात्री पंक्चर काढणारा माणूस दहा गावांत मिळून एखादा सापडतो.

आमचं मत विचाराल तर हाताशी कसब असेल तर आधी सेवेचा धंदा बघा. माल पडून राहत नाही, खराब होत नाही आणि भांडवल हत्यारांपुरतंच लागतं.

सगळीकडे पापड, मसाला, अगरबत्तीचंच प्रशिक्षण मिळतं. आम्ही पण तेच करावं का?

प्रशिक्षण शिकवणाऱ्याला सोपं पडतं म्हणून ते सगळीकडे असतं. एकाच गावातल्या पाच गटांनी एकच अगरबत्ती वळली तर ती घेणार कोण? प्रशिक्षण फुकट आहे म्हणून जरूर करा, पण शेवटच्या दिवशी शिकवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: मागच्या तुकडीतल्या किती जणी आज हा माल विकतात? एखाद-दुसरीचा पत्ता मागून घ्या आणि तिला जाऊन भेटा.

आम्ही बिबड्या (ज्वारीचे वाळवलेले पापड) करतो. भाव कसा काढायचा?

याला जरा जास्त जागा देतो, कारण घरगुती धंदे सगळ्यात जास्त इथेच बुडतात आणि बुडतोय हे कळतही नाही.

समजा दहा किलो ज्वारीच्या बिबड्या घातल्या. ज्वारी ४० रुपये किलोने ४०० रुपये. तीळ, लसूण, लाल मिरची, जिरे, मीठ मिळून २५०. भरडायला ५०, जळण १५०, पिशव्या आणि लेबल १००. झाले ९५०. वाळून हातात नऊ किलो आल्या असं धरू. किलोमागे साधारण १०६ रुपये खर्च आला, २०० ला विकल्या, ९४ सुटले. गट खूष.

आता जे मोजलं नाही ते मोजा. ज्वारी भिजत पडते ते दिवस सोडून द्या. पण घाटा शिजवणं, उन्हं चढायच्या आत कापडावर थापणं, उलटणं, उचलणं, आभाळ आलं की धावत जाऊन गोळा करणं यात दोघींचे दोन-दोन दिवस गेले. निंदणीचा रोज ३०० रुपये धरला तर हे १,२०० रुपये झाले. एकूण २,१५०, म्हणजे किलोला २३९ रुपये. २०० ला विकून किलोमागे ३९ रुपये पदरचे घातले! दुसऱ्या अंगाने बघितलं तरी तेच निघतं: १,८०० ची विक्री वजा ९५० खर्च, उरले ८५०. चार रोजांवर वाटले तर एकीला दिवसाला २१२ रुपये. त्यापेक्षा निंदायला गेलेली बाई जास्त घेऊन आली.

इथे आकडे नमुन्याचे आहेत, आपापल्या गावचे घालून बघा. पण वहीत "आपली मजुरी" ही ओळ पहिल्या दिवसापासून पाहिजेच. "घरचंच काम आहे, त्याची कसली मजुरी" हे वाक्य ऐकलं की समजा, धंदा फार दिवस चालत नाही.

भाव वाढवायचा कसा, हा पुढचा प्रश्न. शेजारीण किलोला २८० देणार नाही, ती स्वतः घरी बिबड्या घालते. नाशिक-पुण्यात राहणारी खान्देशी माणसं देतात, आणि ती पाव किलोच्या पाकिटात घेतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकी परत जाताना पिशवी भरून वाळवण नेतात. त्यांच्याकडून महिनाभर आधी ऑर्डर आणि निम्मे पैसे घ्या. बिबड्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात होतात आणि विकल्या जातात दिवाळीपर्यंत, म्हणजे भांडवल सहा महिने डब्यात अडकतं. आगाऊ पैसे घेतले तर तेवढं कमी अडकतं.

गावात उधारी दिल्याशिवाय दुकान चालतच नाही. काय करायचं?

खरं आहे, चालत नाही. "आज रोख उद्या उधार" ही पाटी शहरात ठीक, वस्तीत ती लावणाऱ्याच्या दुकानात दुसऱ्या दिवसापासून कोणी येत नाही. ज्या घरात रोजाने पैसा येतो आणि पावसात चार दिवस येतच नाही, त्या घराला उधारी लागणारच. तेव्हा उधारी द्यायची की नाही हा प्रश्नच नाही, किती आणि कुठवर द्यायची एवढंच ठरवायचं.

किराण्यात दहा टक्के सुटतात असं धरा. एक हजाराची उधारी बुडाली तर ती भरून काढायला दहा हजारांचा माल विकावा लागतो. हे गणित दुकानदाराने स्वतःच्या पोरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावं. मग प्रत्येक घराची हद्द ठरवा, कुणाची ५००, कुणाची १,५००. ज्याच्या घरी हजेरी नियमित त्याची जास्त. पीठ, तेल, डाळ, साबण उधार. तंबाखू, पुडी आणि पोरांचे कुरकुरे रोखच. प्रत्येक घराला वहीत वेगळं पान, आणि दर वेळी समोरच्याची सही किंवा अंगठा. वसुली मागत फिरण्यापेक्षा पैसा घरात येण्याचा दिवस ओळखा: कापूस विकल्याचा आठवडा, टोळीचा हिशेब होण्याचा दिवस, रोजगार हमीचे पैसे खात्यात पडण्याचा दिवस. त्या संध्याकाळी गिऱ्हाईक स्वतःहून वही काढायला सांगतं. चार दिवसांनी गेलात तर पैसे दुसऱ्याच्या वहीत जमा झालेले असतात.

नात्यातल्यांचं काय? त्यांची हद्द सगळ्यात कमी ठेवा. राग येईल, पण दुकान राहील.

दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गुजरातेत जातं. मग इथे धंदा कसा करायचा?

सातपुड्यातल्या आणि नवापूर, साक्रीकडच्या बऱ्याच गावांचा हा खरा प्रश्न आहे. धंदा बारमाहीच असला पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. होळीच्या आधीचे भोंगऱ्याचे (आदिवासींच्या सणाचे) बाजार, मग होळी, मग लग्नसराई, आखाजी. या तीन महिन्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी कपडे, दागिने, गूळ-डाळ्या, फुटाणे, बांगड्या यांची जेवढी विक्री होते तेवढी उरलेल्या वर्षात होत नाही. हंगामी धंदा करून बाकी वेळ मजुरी करणारा माणूस काही कमी उद्योजक नाही.

फक्त एक सांभाळा. कर्ज काढलं असेल तर हप्ता आपल्या हंगामाला जुळतो का, हे सही करण्याआधी बोलून घ्या. पैसा येतो मार्च ते मे आणि हप्ता चालू होतो ऑगस्टमध्ये, अशी जोडणी झाली की पहिल्याच वर्षी खातं थकतं. मग ते फेडायला मुकादमाकडून (तोडीला मजूर नेणाऱ्याकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे घ्यावे लागतात, आणि माणूस धंद्यातून परत ऊसतोडीच्या कोयत्यावर जातो.

आमच्याकडे आमचूर होतं, मोहफुलं, चारोळी मिळते. व्यापारी सांगेल त्या भावाने द्यावं लागतं.

धडगाव भागातल्या आमचुराची गोष्ट बघा. कैरी उतरवायची, सोलायची, काप करायचे, वाळवायचे, हे सगळं कष्टाचं काम घरच्यांनी करायचं, आणि भाव ठरतो तो रंगावर आणि ओलाव्यावर. जमिनीवर वाळवलेल्या कापांना माती लागते, अवकाळीचा एक शिंतोडा पडला की काप काळे पडतात. तेच काप जाळीवर, जमिनीपासून हातभर वर वाळवले आणि सावलीत हवाबंद ठेवले तर व्यापाऱ्याला नाव ठेवायला जागा राहत नाही. जाळीचा खर्च चार घरांत वाटून घेता येतो.

दुसरी अडचण उचलीची. झाड मोहरावर असतानाच पैसे घेतलेले असतात, मग भावावर बोलायला तोंड राहत नाही. ही गाठ एकट्याने सुटत नाही, दहा-पंधरा घरांनी मिळून माल एकत्र तोलला तरच सुटते. कायद्याची बाजू भक्कम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क वनवासी कुटुंबांना आणि ग्रामसभेला दिलाय. केंद्राची वन धन योजना २०१८ मध्ये सुरू झाली ती अशाच गटांनी प्रक्रिया करून विकावं यासाठी. एका वन धन केंद्रात साधारण ३०० सभासद धरलेले असतात. पण केंद्र कागदावर किती आणि चालू किती, हे आपल्या तालुक्यात स्वतः बघा.

परवाने कोणते लागतात? फार कटकट असते का?

वाटते तेवढी नाही. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आधारवर, मोबाइलवरून, पूर्ण फुकट होते. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर वर्षाला १०० रुपये शुल्क, आणि मिळणारा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, तारीख आणि तक्रारीसाठी फोन नंबर पाहिजे. वजनकाटा शिक्का मारलेला हवा. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला राज्याच्या २०१७ च्या कायद्यानुसार परवाना लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची.

सुरतला माल पाठवतो. जीएसटी लागेल का?

राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण आपण सीमेवरची माणसं. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे! आणि राज्याबाहेर करपात्र माल विकला तर उलाढाल कितीही कमी असली तरी सहसा नोंदणी घ्यावी लागते. मिरची पावडर सुरतला पाठवणाऱ्याला हे लागू पडतं. पापडावर जीएसटीच नाही, त्यामुळे फक्त पापड विकणाऱ्या गटाला ही चिंता नाही. नक्की काय ते आपला माल सांगून करसल्लागाराला एकदा विचारा.

बरं, आता कर्ज. कोणती योजना आमच्यासाठी?

आपण कोण आहोत आणि काय करतो, त्यावर हे ठरतं.

नगरपालिका किंवा महापालिका हद्दीत हातगाडी, पथारी, टोपली लावत असाल तर पीएम स्वनिधी. २०२० मध्ये ही योजना दहा हजारांपासून सुरू झाली. २०२५ च्या बदलानंतर पहिला टप्पा १५,०००, वेळेत फेडला तर दुसरा २५,००० आणि मग ५०,०००. तारण नाही, आणि वेळेवर हप्ते भरणाऱ्याला व्याजात सात टक्के सवलत.

सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, नाभिक, चर्मकार, टोपल्या-झाडू विणणारे, सोनार, गवंडी अशा १८ पारंपरिक व्यवसायांपैकी असाल तर पीएम विश्वकर्मा बघा. प्रशिक्षणाच्या दिवसांना ५०० रुपये रोज, अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाख. एका कुटुंबातून एकालाच मिळतं.

इतर कुठल्याही छोट्या धंद्याला मुद्रा. शिशु गटात ५०,००० पर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत. मुद्रा हे कर्ज आहे, अनुदान नाही. हे ठळक सांगावं लागतं, कारण "मोदींचं लोन माफ होतं" असं सांगणारा प्रत्येक गावात एक जण असतोच.

यंत्र घेऊन काही बनवायचं असेल तर पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. गावातल्या महिलेचं किंवा अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय अर्जदाराचं पाच लाखांचं प्रकरण धरा. स्वतःचे पाच टक्के म्हणजे २५,००० घालायचे, बाकी बँक देते, आणि ३५ टक्के म्हणजे पावणेदोन लाख अनुदान. मात्र हे अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहतं आणि धंदा चालू असल्याचं दिसलं की कर्जात वळतं होतं. खाद्यपदार्थांच्या प्रक्रियेसाठी पीएमएफएमई या योजनेतही ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान होतं. ती २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी आखलेली, त्यामुळे आज अर्ज घेतात का ते तालुका कृषी अधिकाऱ्याकडे आधी विचारा.

बचत गटात असाल तर या सगळ्याच्या आधी गटाचंच कर्ज घ्या. उमेद (गावातल्या बचत गटांचं सरकारी अभियान) मधल्या गटांना फिरता निधी मिळतो, आणि गटाची वही नीट असेल तर बँकेचं गट-कर्ज व्याज सवलतीत मिळतं. बाहेरच्या बहुतेक कर्जांपेक्षा ते स्वस्त पडतं.

अनुदान आहे म्हणून मोठं प्रकरण करावं का?

नको. आपल्याला लागणारी पिठाची गिरणी ६०,००० ची असेल तर अनुदानासाठी सहा लाखांचं युनिट उभं करू नका. अनुदान तीन वर्षांनी, हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून.

एक जण म्हणतो, मी प्रकरण मंजूर करून देतो, दहा टक्के द्या.

देऊ नका. अर्ज भरायला सेवा केंद्रवाल्याला त्याची फी द्या, पावती घ्या, तेवढंच. मंजुरीआधी "फाइल चार्ज" मागणारा माणूस पैसे घेऊन दिसेनासा होतो किंवा खोटं कोटेशन लावून तुम्हाला अडचणीत आणतो. कोऱ्या धनादेशावर, कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नको.

बँकेतून "उद्या या, परवा या" करून परत पाठवतात. तारणही मागतात.

तारणाचं आधी: छोट्या उद्योगांना १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट आदेश आहे. अर्ज तोंडी देऊ नका. लेखी किंवा ऑनलाइन द्या, पोच घ्या, नाकारला तर कारण लेखी मागा. "लेखी द्या साहेब" एवढं नम्रपणे म्हटलं तरी पुष्कळदा फाइल हलते. नाही हलली तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांकडे जा. बँकेकडे केलेल्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

कधी कधी मात्र बँकेची बाजूही खरी असते. मैत्रिणीच्या गट-कर्जाला जामीन राहिलात आणि तिने हप्ते थकवले तर सिबिलला (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे) तुमचंही नाव दिसतं. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, अर्जाआधी तो काढून बघा.

फायनान्स कंपनीच्या मॅडम घरी येऊन लगेच पैसे देतात. घ्यावे का?

लगेच मिळतात हे खरं, आणि आजारपणात तेच उपयोगी पडतात हेही खरं. पण धंद्यासाठी घेताना व्याज कसं लावलंय ते विचारा. १०,००० रुपये, "बारा टक्के", वर्षभरात १२ हप्ते, म्हणजे ११,२०० भरायचे, हप्ता ९३३ रुपये. ऐकायला बारा टक्के. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करत असता आणि व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर लागलेलं असतं. खरा दर काढला तर तो वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम तुमच्या बाजूचे आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या या कर्जांना तारण नाही. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीवाल्याने सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर येऊ नये, शिवीगाळ करू नये. खरा दर लिहिलेला कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत देणं बंधनकारक आहे. तो मागून घ्या.

एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज घ्यायची वेळ आली, की थांबा. घरात सांगा, गटात सांगा. सावकाराकडे जाण्याआधी तर नक्कीच सांगा. विनापरवाना सावकारी हा राज्याच्या २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे करता येते.

बचत कुठे ठेवू? पतसंस्था व्याज जास्त देते.

जळगाव जिल्ह्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. इथे पतसंस्थांत ठेवी अडकलेली घरं गल्लोगल्ली आहेत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. भिशी ओळखीच्यांत आणि छोट्या रकमेची असेल तर ठीक. धंद्याचं खेळतं भांडवल भिशीत घालू नका.

दुकान माझ्या नावावर आहे, पण पैसे घरातले बघतात.

हा प्रश्न ताया बैठक संपल्यावर, चपला घालताना विचारतात. पहिली गोष्ट बघा: गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा आहे? बहुतेक वेळा तो नवऱ्याच्या किंवा दिराच्या मोबाइलशी जोडलेला असतो. विक्री ताईंची, पैसा जमा दुसऱ्याच्या खात्यात, आणि वर्षाने ताई कर्ज मागायला जातात तेव्हा त्यांच्या खात्यावर उलाढाल शून्य दिसते. कोड स्वतःच्या खात्याचा लावा, उद्यम नोंदणी स्वतःच्या नावावर करा. घरात वाद नको असेल तर कारण सरळ सांगा: "बँक माझं खातं बघूनच कर्ज देते." हे खोटंही नाही. आणि घरखर्चाला दर आठवड्याला ठरलेली रक्कम धंद्यातून द्या, गल्ल्यात कुणीही हात घालण्यापेक्षा ते बरं.

गटातल्या दहाजणी मिळून काम करतो, पण भांडणं होतात.

नफा सारखा वाटता म्हणून होतात. एक जण रोज येते, दुसरी लग्नाला जाते, शेवटी पैसे सारखेच. आधी कामाप्रमाणे मजुरी द्या, किलोवर किंवा नगावर, आणि उरलेला नफा तेवढा सारखा वाटा.

शेळ्या घेऊ की कोंबड्या?

शेळीला बाजार कायम आहे, अडीनडीला एक विकता येते. पण लसीकरण आणि विमा न करता दहा शेळ्या एकदम कर्जाने घेऊ नका, दोन-तीनपासून वाढवा. कोंबड्यांत मोठी पोल्ट्री म्हटलं तर नवापूरचं नाव निघतं, आणि २००६ चा बर्ड फ्लूही तिथलाच, देशात पहिल्यांदा नोंदला गेलेला. एका आठवड्यात शेड रिकामी झालेली माणसं तिथे आजही भेटतील. परसातल्या गावठी कोंबड्या हा त्यापेक्षा सावकाश, पण कमी धोक्याचा धंदा.

आपल्या भागात काही मोठं होतच नाही, खरं का?

विप्रो १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झाली, हे प्रत्येक भाषणात ऐकलंच असेल. हातगाडीवाल्याला त्याचा उपयोग नाही. त्याला उपयोग आहे तो याचा की जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला, नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, जळगावला डाळ मिल आहेत, नंदुरबारला मिरचीचा बाजार आहे. कच्चा माल दारात आहे, वाहतूक वाचते. भाव ठरवताना पुण्यातल्या माणसापेक्षा तुमचा हात त्यामुळे वर असतो.

या सगळ्याची चौकशी कुठे करायची?

पीएमईजीपी आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी जिल्हा उद्योग केंद्र. गटाच्या कामासाठी पंचायत समितीतला उमेदचा कक्ष किंवा माविमचं (महिला आर्थिक विकास महामंडळाचं) कार्यालय. फुकट, राहण्या-जेवणासह प्रशिक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यातली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. आदिवासी अर्जदारांनी नंदुरबार, तळोदा, धुळे किंवा यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जावं आणि शबरी महामंडळाच्या योजना विचाराव्यात. फेरीवाल्यांनी नगरपालिकेत.

जाताना आधार, पॅन, पासबुक, रेशन कार्ड आणि असेल तर जातीचा दाखला, यांच्या झेरॉक्स दोन-दोन घ्या. सहा महिन्यांची हिशेबाची वही बरोबर न्या, मोडकी-तोडकी असली तरी चालेल. आणि बाजाराच्या दिवशी जाऊ नका, साहेब जागेवर सापडत नाहीत.